पडद्याआडचा चहा

शिवकांता विहिरीवर चक्कर येऊन पडली, तेव्हा घागर फुटली नाही, पण सिद्धरामचा धीर सुटला. औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावात त्या वर्षी पाऊस असा झालाच नव्हता. विहिरीच्या तळाशी झिरपा साठायचा आणि तो उपसायला बाया पहाटेपासून ओळीनं बसायच्या. मुलगी लग्न होऊन बिदरकडं गेल्यापासून घरात तिघंच होती, सिद्धराम, शिवकांता आणि सिद्धरामची आई केवळाबाई. पाण्याचं काम शिवकांताचं.

सिद्धरामनं तिला नांदेडला धाकट्या बहिणीकडं, सिंधूकडं पाठवायचं ठरवलं. "तिथं मोठे डॉक्टर हायत," तो म्हणाला. "नीट दाखवून ये. घाई करू नको. पाण्याचं आम्ही बघतो."

सिंधूचा नवरा विरूपाक्ष सरकारी कारकून होता. लातूरचा नवा जिल्हा झाला आणि त्याची बदली तिकडच्या कचेरीत झाली. आठवडाभर तो लातुरात एका खोलीवर राहायचा आणि रविवारी नांदेडला यायचा. मुलं सुटीत त्याच्या आईकडं गेली होती. त्यामुळे दोघी बहिणींना घर मोकळंच होतं.

सिंधूनं तिला एका डॉक्टरकडं नेलं. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नाडी पाहिली, बाटलीतलं औषध दिलं. "अशक्तपणा आहे. खा, प्या, दोन-चार दिवस आराम करा आणि घरी जा. बाकी काही नाही."

दवाखान्यातून निघाल्यावर सिंधू म्हणाली, "अक्का, चल, चहा पिऊ."

"घरी जाऊन करू की."

"घरी काय, रोजच करतो."

स्टेशनच्या रस्त्यावर एक जुनं हॉटेल होतं. दाराशी गल्ल्यावर मेंदी लावलेल्या दाढीचा मालक बसायचा. पुढं पुरुषांची बाकडी आणि मागं पडदा लावलेली खोली. पडद्यावर 'फॅमिली रूम' असं रंगवलेलं होतं. शिवकांताच्या गावात एस.टी. थांब्यापाशी चहाची टपरी होती, पण तिथं बाईमाणूस थांबत नसे. ती पदर डोक्यावर ओढून, खाली मान घालून सिंधूच्या मागं आत गेली.

संगमरवरी टेबल गार लागत होतं. वेटरनं पाण्याचे दोन भरलेले पेले ठेवले. मग चहा आला. दाट, वर साय धरलेला, बशीत थोडा सांडलेला. सोबत खारट-गोड बिस्किटं. शिवकांतानं बशीत ओतून फुंकून घोट घेतला. गावाकडं दुधाअभावी कोरा गुळाचा चहा पिऊन तिची जीभ ही चव विसरूनच गेली होती.

पण तिला चहापेक्षाही दुसरंच काहीतरी आवडलं. कुणी तिला हाक मारत नव्हतं. कप तिनं विसळायचा नव्हता. ती नुसती बसली होती आणि कुणीतरी तिच्यापुढं आणून ठेवत होतं.

दोघी उठल्या तेव्हा वेटरनं सिंधूचा अर्धा पेला मोरीत ओतला. त्या दिवसापासून शिवकांता स्वतःचा पेला शेवटच्या थेंबापर्यंत संपवू लागली, तहान असो वा नसो.

मग हे रोजचंच झालं. दुपारी जेवणं आटोपली की दोघी निघायच्या. गुरुद्वाऱ्याच्या बाजूला एक हॉटेल होतं, तिथं वेलदोड्याचा वास दारापर्यंत यायचा. इतवाऱ्यात एका ठिकाणी चहात आलं इतकं ठेचून घालायचे की घसा पेटायचा. वजिराबादेत एक नवीन टी हाऊस निघालं होतं. आरसे लावलेलं. तिथल्या आरशात शिवकांतानं स्वतःला खुर्चीवर बसलेलं पाहिलं आणि क्षणभर ही बाई कोण, असं तिला वाटलं. सगळीकडं फिरून शेवटी मात्र ती पडद्याची खोलीच दोघींची जागा झाली.

दोन-चार दिवस कधीच होऊन गेले होते. रविवारी विरूपाक्ष आला तेव्हा म्हणाला, "दाजी लातूरला कचेरीत येऊन गेले. कवा येतेत म्हणून विचारत होते."

शिवकांतानं सिंधूकडं पाहिलं. जायचं म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते वेगळंच. "अजून तपासण्या राहिल्यात म्हणून सांगा."

"कसल्या?"

"रक्ताच्या," सिंधू पटकन म्हणाली. "डॉक्टर म्हणतेत, लागलं तर भरती बी करावं लागंल."

विरूपाक्षनं मान हलवली. तो साधा माणूस होता, सांगितलेलं तसंच पोचवणारा. तो गेल्यावर शिवकांता म्हणाली, "भरतीचं कशाला सांगितलंस गं?"

"नुसत्या तपासणीवर किती दिवस निघतील? आठ दिवस अजून रहा, अक्का. कवा आलीस तू माझ्याकडं? माझ्या बाळंतपणाला आलीस ती बी कामालाच."

ते खरं होतं. शिवकांता राहिली. पण त्यानंतर चहा पिताना मधूनच सासू डोळ्यापुढं यायची. केवळाबाईची पाठ वाकलेली होती. ती विहिरीत वाकली की तिला वर यायला किती वेळ लागत असेल? 'उद्या निघते,' असं शिवकांता दर संध्याकाळी ठरवायची. दुपार झाली की पायात चप्पल घालायची.

त्या दिवशी दोघी पडद्याच्या खोलीत बसल्या होत्या. चहा नुकताच आला होता. बाहेर गल्ल्यापाशी कुणीतरी बोलत होतं आणि आवाज ओळखीचा वाटला म्हणून शिवकांतानं पडद्याची कड सरकवली.

सिद्धराम उभा होता. धोतर धुळीनं लाल झालेलं, खांद्याला पिशवी, टोपी हातात.

"बायांच्या वॉर्डात समद्या खाटा बघून आलो, मालक," तो म्हणत होता. "कुठं न्हाई. घराला बी कुलूप हाय. शेजारीण म्हणली, दोघी भाईर गेल्या. इथं दुसरा मोठा दवाखाना कुठं हाय का?"

"खासगी तर लई हायत, भाई," मालक म्हणाला. "मरीज कोण?"

"घरातली माणसं." बायकोला तो असंच म्हणायचा. "रक्तात काही असंल म्हणं. भरती करावं लागंल म्हणले होते, केलंच असंल."

"बसा. चाय पिओ. मग सांगतो एकेक."

"चहा नको. पाणी द्या तेवढं."

तो बाकड्याच्या टोकाला बसला. वेटरनं पेला दिला. सिद्धराम दोन्ही हातांनी धरून पाणी प्याला, दम घ्यायला थांबला आणि उरलेलंही प्याला.

शिवकांताचा हात पडद्यावरच राहिला. नुसती हाक मारायची होती. तो पाच पावलांवर होता. पण तिच्यापुढं वाफाळणारा चहा होता, बशीत बिस्किटं होती, आणि यांतलं काहीही लपवता येणार नव्हतं.

"उठू नको," सिंधू कुजबुजली. तिचा चेहरा उतरला होता. "मोरीच्या बाजूनं दार हाय. आपण घरी जाऊ. घरी भेटू त्यांना. अक्का, ऐक."

आणि शिवकांतानं ऐकलं. नवरा बाहेर दवाखान्यांची नावं पाठ करत असताना ती मागच्या दारानं बाहेर पडली.

घरी सिंधूनं घाईनं गादी घातली. शिवकांता पडून राहिली, भर उन्हाळ्यात अंगावर चादर घेऊन. दिवेलागणीला सिद्धराम आला. तिला पाहून तो दारातच मटकन खाली बसला.

"सोडलं का दवाखान्यातनं?"

"आज दुपारीच," सिंधू म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली.

सिद्धरामनं पिशवीतून एक बरणी काढली, कापडानं तोंड बांधलेली. "तूप हाय. गाय आटत आली, पण आईनं थोडं थोडं विरजण लावून काढलंय. रोज दोन घास भाताबरोबर खा म्हणून सांगितलंय. ती बी येते म्हणत होती, मीच नको म्हणलं."

शिवकांता भिंतीकडं बघत होती.

"सकाळपासून दवाखान्यात हुडकून राहिलो," तो सांगू लागला, टोपीनं मान पुसत. "खाटंखाटंला जाऊन तोंड बघायचं. बाया बी वैतागल्या. एका खाटंवर चादर तोंडावर ओढलेली होती. पायांकडनं बघितलं तर तुझ्याच पायासारखे पाय. तिथं कुणीच नव्हतं जवळ. माझा काय हात होईना चादरीला. उभाच राहिलो. मग त्या बाईची लेक आली भाईरनं. तिनं चादर काढली. झोपली होती बाई. म्हातारी होती." तो थोडा हसला. "लई घाबरलो होतो बघ."

शिवकांता उठून बसली. आतून सिंधू दारात आली होती, तिनं डोळ्यांनी खूण केली. शिवकांतानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"मी दवाखान्यात नव्हते," ती म्हणाली. "भरती केलं नव्हतं. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, काही न्हाई, घरी जा. मी आपली इथं राहिले. हॉटेलात चहा प्यायला जात होतो आम्ही. रोज."

सिद्धराम ऐकत होता.

"आज तुम्ही पाणी मागितलं ना गल्ल्यावर, तवा मी आतच होते. पडद्याच्या आत. तुम्हाला बघितलं मी. मागच्या दारानं पळून आले."

सिद्धरामनं हातातली टोपी खाली ठेवली. मग विचारलं, "म्हंजी तुला काहीच झालेलं न्हाई?"

"न्हाई."

"रक्तात बी काही न्हाई?"

"काहीच न्हाई."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलले. हात काढले तेव्हा डोळे ओले होते, पण तो तिच्याकडं पाहत नव्हता. "मग बरं झालं," एवढंच म्हणून तो उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. सिंधूनं ताट वाढून नेलं, ते त्यानं परत पाठवलं.

सकाळच्या गाडीनं दोघं निघाली. लातूरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. भिंतीवर जिल्ह्याचं नाव नव्यानं रंगवत होते आणि खाली पाण्याच्या टँकरपाशी बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. सिद्धराम कुठंतरी गेला आणि दोन कप चहा घेऊन आला. एक तिच्यापुढं धरला.

"घे."

त्याच्या बोलण्यात टोमणा होता की नव्हता, ते तिला कळेना. तिनं कप घेतला. चहा गोड होता की अगोड, हेही तिला नंतर आठवेना.

गावात उतरल्याबरोबर लोक चौकशीला आले. सिद्धरामनं सगळ्यांना एकच सांगितलं, "आता बरी हाय. जपायला सांगितलंय." तिला वाटलं होतं, तो घरी तरी खरं सांगेल. तो बोलला नाही. तिच्याशीही कामापुरतंच बोलत होता. शेजारणी ताक, ज्वारीच्या कण्या आणून देत. केवळाबाई तर तिला घागरीला हात लावू देईना. "पड तू. रक्ताचं दुखणं वंगाळ," म्हणायची आणि तिच्या भातावर तूप घालायची. शिवकांता तो तुपाचा भात नुसता चिवडत बसायची. नांदेडात जे झालं ते झालं, पण हे रोज नव्यानं होत होतं.

एका पहाटे तिला जाग आली तर केवळाबाईचं अंथरूण रिकामं होतं. ती विहिरीवर गेली. म्हातारी काठावर बसून दोर ओढत होती. चार हात ओढायची आणि दोर मांडीखाली दाबून दम खायची. बाकीच्या बाया अजून यायच्या होत्या.

शिवकांता जवळ जाऊन बसली. "आत्या, मला कसलंच दुखणं नव्हतं."

केवळाबाईनं मान वर केली.

"डॉक्टरनं लगेच जा म्हणून सांगितलं होतं. मी खोटं सांगून राहिले. हॉटेलात बसून चहा प्यायला."

"हॉटेलात?"

"हाव."

केवळाबाईनं दोर हातात तसाच धरून ठेवला. तिचा चेहरा अंधारात नीट दिसत नव्हता. "आणि सिद्धूला ठाव हाय?"

"हाय. नांदेडातच सांगितलं त्यांना."

"तरीच." म्हातारीनं दोर तिच्या मांडीवर टाकला. "धर मग."

शिवकांता ओढू लागली. बादली दगडाला घासत वर आली, त्यात अर्धं पाणी आणि गाळ. ते निवळायला घागरीत ओतून तिनं बादली पुन्हा सोडली. बऱ्याच वेळानं केवळाबाई म्हणाली, "मी एकदाच गेले गाव सोडून. तुळजापूरला. तिथं बी तुझ्या सासऱ्याच्या मागं मागं चालत गेले आणि तशीच आले. कुठं बसले न्हाई." तिचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर शिवकांताला बरं वाटलं असतं.

त्यानंतर केवळाबाई आठवडाभर तिच्याशी धड बोलली नाही, तूपही वाढेना. शिवकांता पहाटे उठून पाणी भरू लागली. एका संध्याकाळी शेजारची सरजाबाई कण्या घेऊन आली आणि पाणी भरताना तिला बघून म्हणाली, "अगं, भरती झालेली बाई तू. रक्ताचं कसं हाय आता?"

सिद्धराम ओट्यावर दावं वळत बसला होता. शिवकांतानं घागर खाली ठेवली.

"रक्ताला काही झालंच नव्हतं, सरजाबाई. मी भैनीकडं आरामाला राहिले होते. ह्यांना खोटं कळवलं होतं मी. कण्या घेऊन जा तुमच्या, तुम्हालाच लागतील."

सरजाबाई बघतच राहिली. मग तिनं सिद्धरामकडं पाहिलं. तो मान खाली घालून दाव्याला पीळ देत होता. सरजाबाई कण्यांचं सूप उचलून गेली. ही गोष्ट उजाडायच्या आत सगळ्या गावात जाणार, हे शिवकांताला माहीत होतं. तशी ती गेलीही. आणि पुढं कित्येक महिने विहिरीवरच्या ओळीत तिला बघून बाया बोलता बोलता थांबायच्या.

पण त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर सिद्धराम म्हणाला, "वैरण आठवड्याचीच राह्यलीय. गाय औशाच्या छावणीत न्यावी म्हणतो. तुला काय वाटतं?"

नांदेडहून आल्यापासून त्यानं तिला काही विचारलं असं ते पहिल्यांदाच होतं. शिवकांतानं भाकरी त्याच्या ताटात वाढली आणि म्हणाली, "न्या. मी येते बरोबर."

"नको," तो म्हणाला. "आईला घेऊन जातो. तिला बी जरा भाईर निघू दे."

"हाव," शिवकांता म्हणाली. भिंतीला टेकून बसलेली केवळाबाई खाली बघत भाकरी मोडत राहिली. पण सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून गायीच्या मागं दारात उभी होती.