लिंबाखालचा फलाट

आमच्या भैरवमाळ स्टेशनात गाडी पकडायची तर आधी रूळ ओलांडावे लागतात. गाव रुळांच्या एका अंगाला, फलाट दुसऱ्या अंगाला, उसाच्या बाजूला. मधे दोन लायनी. फलाटाला लागून मेन लाइन, आणि गावाकडच्या बाजूला लूप. समोरून दुसरी गाडी यायची असली की मालगाडी या लूपवर बाजूला घेतात. जिन्याचा पूल आहे, पण तो पार फलाटाच्या कोल्हापूरकडच्या टोकाला. तेवढा वळसा कुणी घेत नाही. सगळं गाव रुळांवरूनच जातं. मीही जायचे.

माझे सासरे केरबा, आमचे मामा, यांना हे स्टेशन कधी पटलंच नाही. त्यांच्या उमेदीत लाइन एकच होती आणि फलाट गावाच्या अंगाला होता. बुटका, मातीचा, दगडी काठाचा. त्यावर मोठा लिंब. मामा आणि आसपासच्या वस्त्यांवरचे गवळी पहाटे दुधाचे कॅन घेऊन त्या लिंबाखाली बसायचे आणि पहिल्या पॅसेंजरनं कोल्हापूरला गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध घालायला जायचे. पुढं लूप टाकायचं ठरलं तेव्हा तो फलाट खणून काढला, लिंब पाडला आणि त्याच जागेवरून नवे रूळ नेले. पलीकडं हा उंच फलाट बांधला. मी लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात मला नोकरी लागली तेव्हा मामा सोडायला येत आणि रुळांकडं बोट करून सांगत, "हितं पाण्याचा नळ हुता. हितं आमची रांग." मी हो म्हणायचे आणि माझं लक्ष गाडीकडं असायचं.

मग मामा विसरायला लागले. आधी माणसांची नावं, नंतर जेवलो की नाही ते. या थंडीत ते पहाटे उठून बसायला लागले. "आगं, गाडी चुकंल," म्हणून आत्यांना, माझ्या सासूबाईंना, हलवायचे. आत्या त्यांची समजूत घालून पुन्हा निजवायच्या. आम्ही दाराला वरच्या बाजूला कडी बसवली, त्यांचा हात पोचणार नाही अशी.

जानेवारीतली ती सकाळ. माझा नवरा सम्राट उसाच्या वाहतुकीला ट्रॅक्टर घेऊन शिरोळला गेलेला. धुकं असं दाट की मी लूप ओलांडली तेव्हा मेन लाइन दिसत नव्हती. फलाटावर दहा-पंधरा माणसं शाली पांघरून उभी होती. लाऊडस्पीकरवरून सांगितलं, पॅसेंजरला उशीर आहे. तेवढ्यात फोन वाजला. आत्या.

"निशा, मामा तुझ्याबरं हाईत काय?"

"न्हाईत की. का हो?"

"धार काढाय गोठ्यात गेलतो. दार उघडंच ऱ्हायलं. परत येतो तर घरात न्हाईत. पोरं हिरीकडं बघाय गेल्यात." त्यांना दम लागला होता. "आणि कॅन बी जाग्याव न्हाय गं."

विहिरीचं नाव ऐकून मी घराकडं वळलेच होते. पण कॅन म्हटल्यावर मला कळलं की विहिरीकडं जाऊन उपयोग नाही. मामा दूध घालायला निघाले होते. ते स्टेशनात आले होते. फक्त मी उभी होते त्या स्टेशनात नाही, त्यांच्या.

मी फलाटाच्या काठाशी गेले आणि हाक मारली, "मामा!" धुक्यात आवाज कुठं गेला ते समजलं नाही. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी धावत स्टेशन मास्तरांच्या खोलीत शिरले.

"साहेब, गाड्या थांबवा. माझे सासरे रुळात आहेत."

मास्तर उठून उभे राहिले. "कुठं?"

"गावाच्या बाजूला. लूपवर असतील."

"लूपवर मालगाडी घेतलीय. कोल्हापूरकडून. सिग्नल ओलांडून आत आलीय ती." बोलता बोलता त्यांनी वॉकी-टॉकी तोंडाशी धरला होता. मालगाडीच्या ड्रायव्हरला ते पुन्हा पुन्हा थांबायला सांगत होते. पलीकडून नुसती खरखर. "पॅसेंजर मिरजेच्या बाजूला बाहेर धरलीय, मेन लाइन मोकळी आहे. पण लूप लांब आहे, बाई. नेमके कुठं आहेत ते?"

आत्यांचा फोन चालूच होता. मी विचारलं, "आत्या, गवळी कुठं बसायचे?"

"लिंबाखाली."

"लिंब कुठं हुता?"

"आगं, फलाटावर न्हवं काय."

"तो फलाट गेला की, आत्या. आता तितं काय हाय ते सांगा."

त्या आठवायला लागल्या. मला बाहेर रुळांचा आवाज येतोय असं वाटलं. तो माझ्या कानातलाही असेल. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी ओरडले असते तर त्यांना काहीच सुचलं नसतं.

"दुधाचा डबा मागं लागायचा," त्या हळू म्हणाल्या. "मिरजंच्या अंगाला. ती पांढरी खोली बांधलीया बघ, जाळीची, करंटचा धोका लिवलेली. लिंब तितंच हुता. तिच्याम्होरं."

मी मास्तरांना पांढरी खोली एवढंच सांगितलं आणि धावले. फलाटाच्या मिरजेकडच्या टोकाला उतार आहे, तिथून खाली उतरले. मेन लाइनच्या खडीत माझी चप्पल अडकली, ती तिथंच राहिली. खडीत अनवाणी पाय टाकताना दुखलं असेल, तेव्हा कळलं नाही. मागं फलाट दिसेनासा झाला आणि पुढंही काही दिसेना. चारी बाजूंनी पांढरं. आपण मेनवर आहोत की लूपवर, हेच मला क्षणभर समजेना. मी वाकून रुळाला हात लावला. थंडगार होता. पुढचा रूळ चाचपडला. तो थरथरत होता.

"मामा!"

"कोन हाय?" अगदी जवळून आवाज आला.

ते लूपच्या दोन रुळांच्या मधे उकिडवे बसले होते. अंगावर घोंगडं, डोक्याला पटका, पुढ्यात कॅन. कॅनवर एक हात ठेवून ते मिरजेच्या दिशेनं बघत होते, कारण त्यांची गाडी तिकडून यायची. मालगाडी त्यांच्या पाठीमागून येत होती. लिंबाच्या बुंध्याला टेकून बसल्यासारखे ते निवांत होते. तो निवांतपणा बघून मला जास्त भीती वाटली.

मी त्यांचा दंड धरून ओढला. "उठा मामा, गाडी येतीया."

त्यांनी हात झटकला. म्हातारे झाले तरी आयुष्यभर धारा काढलेले हात ते. "येतीया म्हंजे? म्हणून तर बसलोय की. रांगंत मागं उभी ऱ्हा, बाई. ही आमची जागा हाय."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मी पुन्हा ओढलं तर त्यांनी कॅन दोन्ही हातांनी कवटाळला आणि पाय खडीत रोवले. माझ्यापेक्षा त्यांचा जोर जास्त होता. धुक्यात कोल्हापूरच्या बाजूला पिवळा डाग दिसला. विजेचं इंजिन, आवाज फारसा नाहीच. डाग मोठा होत होता आणि मग एकदम भोंगा सुरू झाला, तो थांबेचना.

मला वाटलं, आता सोडून पळावं. खरंच वाटलं. पाय तसे वळलेही होते. मग मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "मास्तरांनी निरोप दिलाय. दुधाचा डबा आज तिकडं लागणार हाय. सगळे गवळी तिकडं गेले."

मामांनी मान वर केली. "कुणीकडं?"

"हिकडं, खोलीकडं. चला, जागा जाईल."

"आधी सांगायचं न्हाय व्हय," म्हणत ते लगेच उठले. मी त्यांना ढकलतच रुळाबाहेर काढलं. खोलीच्या जाळीपर्यंत आलो आणि ते थबकले. "कॅन," म्हणाले आणि मागं वळले.

मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि सगळं अंग खाली टाकलं. आम्ही दोघं जाळीच्या पायाशी पडलो. इंजिन कॅनला उडवत आमच्या पुढून गेलं. ब्रेकचा कर्कश आवाज, लोखंड जळाल्याचा वास, आणि मग एकामागून एक डबे. चार-पाच डबे गेल्यावर गाडी थांबली. तरीही मी मामांची कंबर सोडली नाही.

इंजिनातून ड्रायव्हर खाली उतरला आणि आमच्याकडं यायला लागला. तोही पोरगेलासाच होता. आम्ही दोघं हलतोय हे बघितलं आणि तो तिथंच खडीवर बसला. त्याला निरोप ऐकू आला होता, त्यानं ब्रेकही मारला होता. गाडी तेवढ्यात थांबत नाही, एवढंच.

मास्तर आले, फलाटावरची माणसं आली, कुणीतरी पाणी दिलं. मामा मालगाडीकडं बघून म्हणाले, "ही न्हवं आपली."

थोड्या वेळानं पॅसेंजर लागली आणि ते कॅन विसरून निघालेच. त्यांना त्या दिवशी अडवलं असतं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा इथंच बसले असते, असं मला वाटलं. आत्यांना फोन करून सांगितलं आणि मामांना घेऊन गाडीत बसले. वाटेत ते खुशीत होते. रुकडी आलं, पंचगंगा आली, सगळं ओळखत होते. कोल्हापूरला उतरलो आणि त्यांचा चेहरा उतरला. ते गर्दीकडं, पाट्यांकडं, छपराकडं बघत राहिले. माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं.

"हे कंचं गाव?"

"कोल्हापूर, मामा."

"न्हवं," ते म्हणाले. "मला फसवू नगंस. घरला ने."

सकाळी मी घाबरले होते तसे ते आता घाबरले होते, आणि त्यांना ओढून बाजूला न्यावं अशी जागाच कुठं नव्हती. दुपारच्या गाडीनं परत आलो. आमच्या स्टेशनात ते दाराची दांडी सोडेनात. "हितं लिंब कुठाय? हे आपलं ठेसन न्हाय." सम्राट शिरोळहून धावत आला होता. त्यानं त्यांना उचलून खाली घेतलं आणि आम्ही पुलावरून, जिना चढून, घरी आलो.

त्यानंतर मामा पहाटे उठले नाहीत. गाडीचं नाव काढलं नाही. पण दिवस मावळायला लागला की घरातच बसून विचारतात, "मला घरला कवा नेणार?" आत्या म्हणतात, "उद्या जाऊ." मग त्यांना पटतं.

सम्राटनं गावाकडच्या वाटेवर, लूपच्या कडेला, बाभळीच्या काट्या आणून रचल्या. लोक चिडले. मी पुलावरून जायला लागले. पुढच्या आठवड्यात वरून बघितलं तर कुणीतरी काट्या बाजूला सारून माणूस जाईल एवढी फट केली होती. दोन बायका पदर खोचून रूळ ओलांडत होत्या. मी वरूनच हाक मारली. त्यांनी मला हात केला आणि हसत पलीकडं गेल्या.