गेथिनने छाटलेलं सफरचंदाचं झाड

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यातले रोग लागलेले ॲशचे वृक्ष तोडून उतरवायचं मोठं काम मी आणि माझा धाकटा भाऊ गेथिन करत होतो. नोव्हेंबरात एक ठिसूळ झालेली फांदी मोडली आणि गेथिन वरून कोसळला, तो गेलाच. त्यानंतर मी दोर, करवत सगळं शेडमध्ये टाकलं आणि फोन उचलणं बंद केलं.

फेब्रुवारीत आमच्याच खोऱ्यात राहणाऱ्या नेस्टाकाकू स्वतःच दारात आल्या. "एमरिस, माझ्या सफरचंदाची छाटणी राहिलीय."

"काकू, एवढ्याशा झाडाला कुणीही चालेल."

"कुणीही? तुझा भाऊ सोळा वर्षं येत होता. तू मोठमोठ्या झाडांवर मिरवायचास, तेव्हा तो माझ्याकडे चहा पीत बसायचा, लबाड."

मला हे ठाऊकच नव्हतं. मी गेलो. शिडीवरून पाहिलं, तर गेथिनच्या जुन्या कापांभोवती साल गोल, घट्ट मिटून आली होती. एकही काप सडला नव्हता. मी एकावर अंगठा ठेवला आणि मला रडू कोसळलं. काकू खाली शिडी धरून उभ्या होत्या.

दोन तासांच्या कामाला मला अख्खा दिवस लागला. निघताना त्या म्हणाल्या, "शेजारच्या इडवलचं नासपतीचं झाडही तोच बघायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इडवलकडे गेलो. ॲशच्या कामाला मात्र पुन्हा गेलो नाही. पलीकडच्या खोऱ्यातली माणसं ते उरकताहेत. वारा त्या झाडांकडून असला की करवतीचा आवाज घरात येतो, आणि मी खिडकी लावून घेतो.