डाव्या बाहीचे टाके

पांढरी लोकर संपत आली होती आणि डाव्या बाहीची मनगटपट्टी तेवढी विणायची राहिली होती. खतिजाने उरलेली गुंडी तळहातावर तोलून पाहिली. उजव्या पट्टीला चव्वेचाळीस टाके घेतले होते. तेवढे इथे घेतले तर लोकर मध्येच दगा देणार, हे तिच्या हाताला कळलं.

"म्हसळ्याहून एक गुंडी आनायला सांगू काय जीपवाल्या अफानला?" खाटेवरून वासिफने विचारलं.

"एका पट्टीसाठी कशाला? मनगट बघ तुजा, काडी झालाय. कमी टाक्यांत भागेल."

तिने बारा टाके कमी केले आणि वारा शिरू नये म्हणून शेवटची ओळ आवळून बंद केली. तान्ह्या मुलांच्या स्वेटरला ती असंच करायची.

किनाऱ्यावरच्या दिघीत स्वेटर घालतं कोण? तान्ही मुलं आणि आजारी माणसं. गेली तीस वर्षं गावात मूल जन्मलं, कुणाच्याही घरचं असो, की खतिजाकडे लोकर यायची आणि बारशाच्या नाहीतर अकीक्याच्या आत टोपी-स्वेटर तयार व्हायचा. उरलेली लोकर परत न्या म्हटलं तरी कुणी नेत नसे. ती दुधाच्या पावडरीच्या मोठ्या डब्यात साठत गेली. खतिजाला काही टाकवत नसे. घरात सून आली असती तर यावरूनच रोज वाजलं असतं.

पण वासिफचं लग्न राहून गेलं. सात वर्षं आखातात परांचीवर उन्हात काम करून तो परत आला तो दोन्ही किडन्या घालवूनच. आता आठवड्यातून दोनदा जीपने डायलिसिसला जायचं. मशीनवरून उठला की एप्रिलच्या घामातही त्याचे दात वाजायचे. म्हणून तो डबा उघडला गेला. यशरा जन्मली तेव्हाचा गुलाबी, काळूरामच्या नातवाचा पिवळा, केसरच्या जुळ्यांचा हिरवा, असे पट्टे एकावर एक चढत गेले. समोरून उघडा, बटणांचा स्वेटर.

"सगला गावच माज्या अंगावर घालतेस," वासिफ हसला होता. त्याला हसताना बघून तिला फार बरं वाटलं होतं.

त्याच्या डाव्या मनगटाजवळ डॉक्टरांनी दोन रक्तवाहिन्या जोडून सुयांसाठी जागा केली होती. तिथे बोट ठेवलं की आत घुरघुर लागायची, मांडीवर मांजर बसल्यासारखी. घुरघुर आहे म्हणजे रक्ताचा रस्ता चालू आहे. या हाताने ओझं उचलायचं नाही, त्यावर घड्याळ बांधायचं नाही, बीपीचा पट्टासुद्धा लावू द्यायचा नाही, हे खतिजाला पाठ होतं. फजरची नमाज झाली की ती त्या हातावर बोटं ठेवायची आणि मगच चहा टाकायची. त्याचं घड्याळ तिने स्वतः काढून कपाटात ठेवलं होतं. लोकरीचं मात्र तिच्या डोक्यात आलं नाही. लोकर मऊ असते.

सोमवारी तो डायलिसिसवरून थरथरतच आला. तिने स्वेटर चढवला. डावी पट्टी जराशी ओढून बसवावी लागली.

"बरा वाटतंय," तो म्हणाला आणि न जेवताच झोपला. इतका गाढ, की तिला त्याला उठववेना.

मंगळवारी पहाटे तिने बाही वर सारून बोटं ठेवली. काही लागलं नाही. जरा वर ठेवली, जरा खाली. मग कान लावला. मनगटावर उलट-सुलट टाक्यांचे वळ उमटले होते, एकेक ओळखता आला असता.

"वासिफ," ती म्हणाली, "हात वाजत न्हाय."

त्याने उजव्या हाताने चाचपून पाहिलं. मग स्वेटर काढला, घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी ठेवला. त्यावर टॉवेल टाकला.

सेंटरवर कल्पिता सिस्टर होती, दोन वर्षांच्या ओळखीची. तिने हात तपासला आणि तिचा चेहरा उतरला. "हातावर झोपला होतात का? काही घट्ट बांधलं होतं?"

"न्हाय," वासिफ लगेच म्हणाला.

खतिजाने तोंड उघडलं. त्याने तिचा हात दाबला. ती गप्प बसली. आयुष्यात ती एवढी भित्री कधीच नव्हती.

डॉक्टर म्हणाले, जोडलेल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे; बीपी उतरलं तरी असं होतं, दाबानेही होतं, नक्की काही सांगता येत नाही. त्यांनी अलिबागला पाठवलं. तिथेही गुठळी काढता आली नाही. उजव्या हाताच्या शिरा जोडण्यासारख्या उरल्या नव्हत्या. शेवटी डायलिसिससाठी मानेत नळी बसवली. ती फार दिवस चालत नाही, जंतू शिरतात, असंही सांगितलं.

"किती दिवस?" खतिजाने विचारलं. तोवर डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले होते.

शनिवारी मशीन सुरू झालं आणि तासाभरात वासिफला हुडहुडी भरली.

"अम्मी, स्वेटर दे."

"न्हाय आनला."

"पिशवीत हाय. मी घेऊन आलोय."

तिने तो काढला, पण हातातच धरून ठेवला. "आधी पट्टी उसवते."

"कशाला? आता या हाताला काय होनार हाय?"

तो रागाने बोलला असता तर तिला सोसलं असतं. त्याने डावा हात पुढे केला. तिने बाही चढवली आणि पट्टी मनगटावर ओढून बसवली. अगदी चोख बसली.

कल्पिता फेरीला आली. "किती सुरेख पट्टे. कुणी विणला?"

वासिफने मान हलवून आईला नको म्हटलं.

"मी," खतिजा म्हणाली. "बाय, तू त्या दिवशी विचारलंस ना, काय घट्ट होता? हाच होता. लोकर कमी पडली, म्हनून मी टाके कमी केले."

मशीन उजव्या बाजूला होतं, म्हणून कल्पिता डाव्या बाजूला आली. तिने ती बाही हळूहळू दंडापर्यंत गुंडाळली. दोन वर्षांत या हाताला कुणी पट्टा लावू धजलं नव्हतं. कल्पिताने बीपीचा पट्टा त्याच हाताला बांधला आणि फुगा दाबायला लागली. पट्टा आवळत गेला, आणि खतिजा तिला थांबवायला पुढे झाली नाही.