दारातून विचारलेला प्रश्न

वॉर्डात त्यांना तोंडावर सगळे मोठ्या सिस्टर म्हणत आणि पाठीमागे कूससिस्टर. ड्युटीवर आल्या की पर्स ठेवायच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न हाच, "सगळ्यांच्या कुशी बदलल्या?" आणि नुसतं "हो" म्हणून कोणाची सुटका नसे. त्या स्वतः चादर उचलून प्रत्येकाची पाठ, टाचा, माकडहाड बघत. पडून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी वळवलं नाही की हाडावरची कातडी आधी लाल होते, मग तिथे जखम पडते. तिला बेडसोर म्हणतात, आणि बेडसोर म्हणजे नर्सच्या तोंडाला लागलेलं काळं, असं त्या नव्या पोरींना शिकवत. त्यांच्या वॉर्डात कोणाला बेडसोर झाल्याचं ऐकिवात नव्हतं.

घरून जखम घेऊन येणारे मात्र येत. तेव्हा मोठ्या सिस्टर नातेवाइकांना अशा झाडत की शेजारच्या कॉटवरचे पेशंटही गुमान कूस बदलत. "घरात माणूस ठेवलंय की लाकडाचा ओंडका? ओंडकासुद्धा एका अंगावर पडून कुजतो." झाडून झालं की त्याच नातेवाइकाला पलंगाच्या पलीकडे उभं करत, चादर धरायला लावत आणि पेशंटला कसं वळवायचं ते दाखवत.

आणि आज त्यांच्याच सासूबाई तापाने फणफणून त्यांच्याच वॉर्डात आल्या. लघवीतलं इन्फेक्शन होतं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. नव्या सिस्टरने, म्हणजे मोठ्या सिस्टरच्याच हाताखाली तयार झालेल्या पोरीने, नियमाप्रमाणे आजींना कुशीवर घेतलं आणि ती थबकली. माकडहाडावर चांगली तळहाताच्या खळग्याएवढी जखम होती.

मोठ्या सिस्टरनी वाकून जखम बघितली. अर्धांगवायूने सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून घरी दिवसा एक बाई ठेवली होती. अंग पुसणं, कपडे बदलणं सगळं तीच करायची. संध्याकाळी या घरी आल्या की चपला काढता काढता दारातूनच विचारत, "बाईने कूस बदलली ना?" सासूबाई म्हणत, "बदलली गं, तू बस जरा." आणि या बसत. वॉर्डात जिचा कोणाच्या 'हो'वर विश्वास नव्हता, ती घरी त्याच 'हो'वर निवांत चहा पीत होती. चादर उचलून बघायला असा किती वेळ लागला असता?

"आजी, घरी कोण बघतं तुमचं?" नव्या सिस्टरने विचारलं.

"इतके दिवस धाकटीकडे होते," सासूबाई म्हणाल्या. "परवाच हिच्याकडे आलेय."

उसन्या साखरेबद्दलही कधी खोटं न बोललेली म्हातारी, पापणी न हलवता बोलून गेली. मोठ्या सिस्टरनी तोंड उघडायला हवं होतं. त्या औषधांच्या ट्रॉलीकडे वळल्या. त्यांना हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

भेटीच्या वेळेला धाकट्या जाऊबाई थर्मासमध्ये सूप घेऊन धापा टाकत आल्या. नव्या सिस्टरने त्यांना पलंगापाशीच गाठलं.

"तुम्हीच धाकट्या सूनबाई ना? घरात माणूस ठेवलं होतं की लाकडाचा ओंडका? ओंडकासुद्धा एका अंगावर पडून कुजतो."

शब्द तेच, कमरेवरचा हातही तसाच. आजूबाजूची माणसं माना वळवून बघायला लागली. जाऊबाई गोंधळल्या. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, तर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतलेले. मग मोठ्या जावेकडे बघितलं. ती औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी राहून लावलेल्याच गोळ्या पुन्हा लावत होती. जाऊबाई काय ते समजल्या. स्वच्छतेवरून, टापटिपीवरून या जावेचे टोमणे त्यांनी कायम ऐकले होते, आज सगळे एकदम परत करता आले असते. त्यांनी मान खाली घातली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पुढे लक्ष ठेवीन."

धरणीने पोटात घ्यावं असं मोठ्या सिस्टरना झालं.

"तिला नको बोलूस," त्या म्हणाल्या, आणि आवाज ओळखीचा वाटेना म्हणून पुन्हा म्हणाल्या. "तिला नको बोलूस. आई माझ्याकडेच असतात, कायम. ही जखम माझ्या घरात झालीय."

सासूबाईंनी डोळे उघडले. "कशाला सांगितलंस गं? मी निभावून नेत होते ना. दिवसभर परक्यांना उचलून वळवून दमून येतेस, त्यात आणखी मी कुठे, म्हणून म्हणायचे बदलली म्हणून."

नवी सिस्टर कानापर्यंत लाल झाली होती. मोठ्या सिस्टरना झाडायची तिची काय छाती, पण झाडण्यानंतर काय करायचं ते तिला तोंडपाठ होतं. तिने चादरीचं एक टोक हातात घेतलं.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही जरा पलीकडे या. ते टोक धरा. दाखवते."

पलीकडे म्हणजे नातेवाइकांच्या बाजूला. इतक्या वर्षांत मोठ्या सिस्टर त्या बाजूला कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. जाऊबाईंनी सरकून जागा करून दिली. मोठ्या सिस्टरनी चादर धरली, आणि पोरीने "आता" म्हटल्यावरच ओढली.