नावापुरता कर्ता

शिंप्याला इंग्रजी येत नाही असं म्हणायची कोणाची छाती होती? परक्या मुलखात आलोय तर भाषा यायलाच हवी, म्हणून गडी आठ महिने रविवारच्या शिकवणीला जात होता. मास्तरांनी एकदा विचारलं, "'इट इज रेनिंग'मध्ये पाऊस कोण पाडतं? कोणीच नाही! 'इट' हा नावापुरता कर्ता, वाक्याला नुसता टेकू." शिंप्याला ते पटलं नाही. "कोणीच नाही कसं मास्तर? वरचा आहे की!" वर्ग खो खो हसला.

तेच शहाणपण घेऊन तो आज इस्पितळात बायकोच्या उशाशी बसला होता. दुकानात तिच्या तळपायात सुई रुतली होती. दोघांनी हसण्यावारी नेलं, आणि आता पाऊल घोट्यापर्यंत काळं पडलेलं. ती तापात बरळत होती. डॉक्टरीणबाई आल्या, बरंच बोलल्या, पायाकडे बोट दाखवून एक कागद त्याच्या हातात दिला आणि शेवटी हळूच म्हणाल्या, "इट इज अप टू यू."

एवढं मात्र त्याला कळलं! इट म्हणजे तो न दिसणारा. अप म्हणजे वर. म्हणजे सगळं वरच्याच्या हातात. 'टू यू' तेवढं उरत होतं, ते त्यानं चिंधीसारखं बाजूला टाकलं. बाईंनी दुभाष्याचं विचारलं, तर हा ताठ मानेनं म्हणतो, "नो, नो, आय अंडरस्टँड." कागदाची घडी खिशात गेली. बायकोच्या कानाशी वाकून त्यानं सांगितलं, "सगळं वरच्याच्या हातात आहे गं."

संध्याकाळी बाईंनी येऊन पुन्हा विचारलं. यानं बोट छताकडे केलं. बाई मान हलवून निघून गेल्या. देवाचं नाव पुढे करून हा नकार देतोय असं त्यांना वाटलं, हे या शहाण्याला कुठून कळणार!

दुसऱ्या दिवशी फरशी पुसायला आलेल्या मावशी त्याच्याच भाषेतल्या निघाल्या. मोठ्या ऐटीत त्यानं त्यांना बाईंचं वाक्य ऐकवलं आणि कागद दाखवला. तो वाचून त्यांनी हातातलं फडकं खाली टाकलं.

"अहो दादा, पाय कापायची परवानगी मागितलीय हो! तुम्ही काय ते ठरवा, असं म्हणाल्या त्या. घरातले कर्ते तुम्ही. दुसऱ्या कोणाला विचारणार?"

तो अनवाणीच धावत सुटला. डॉक्टरीणबाईंनी येऊन पुन्हा तपासलं. विष रक्तात भिनलं होतं. "इट इज टू लेट," त्या म्हणाल्या. या वेळी त्याला एकही शब्द बाजूला टाकावा लागला नाही.

दिवस मावळताना ती शुद्धीवर आली. त्याचा चेहरा बघून काय समजायचं ते समजली.

"रडू नका हो. वरच्याच्या हातात होतं ना? तुम्ही थोडंच काही केलंय?"

माझ्या हातात होतं गं, माझ्या! त्याला ओरडावंसं वाटलं. जीव नुसता तुटत होता. खिशातल्या कागदाचा पार चोळामोळा झाला होता.

"हो," तो म्हणाला. "वरच्यानंच ठरवलं."

"मग झालं तर," म्हणत तिनं त्याचा हात थोपटला.