दोन कोपऱ्यांतलं धन

मी एक जुना शिक्क्याचा हातोडा आहे. मित्रांनो, जवळ या, पण हात जरा मागे ठेवा. आणि आधी एक सांगा, तुम्हाला इकडे पाठवलं कुणी? आपणहून आला असाल तर ठीक आहे. रागावू नका. संशय घेणं ही माझी नोकरी होती. नोकरी केव्हाच सुटली, खोड काही सुटली नाही.

खिळे ठोकणारे हातोडे तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातला नव्हे. माझं एक टोक कुऱ्हाडीसारखं धारदार आहे आणि दुसऱ्या टोकावर उलटा शिक्का कोरलेला आहे. एक वर्तुळ, त्यात पान आणि पानाखाली सातचा आकडा. धारेने झाडाची तळहाताएवढी साल तासायची, मग मला फिरवून उघड्या लाकडावर सणसणीत घाव घालायचा, की शिक्का उमटला. ज्या झाडावर माझा शिक्का, तेवढंच तोडायचं. बाकीच्यांना हात लावला तर तुरुंग. आता तुम्हीच सांगा, असा हातोडा चोराच्या हाती लागला तर जंगल किती दिवस टिकेल?

म्हणून माझा जन्मच कडीकुलपात झाला. लोहाराने मला घडवलं, पण शिक्का कोरायला दुसराच कारागीर बोलावला, आणि त्या दोघांची गाठ पडणार नाही याची काळजी घेतली. कोरून झाल्यावर जंगल खात्याच्या साहेबांनी कारागिराच्या खोलीतला केरसुद्धा चाळून पाहिला. न जाणो, त्याने गुपचूप दुसरा शिक्का करून ठेवला असेल! कारागीर म्हणाला, "साहेब, आता माझं डोकं उघडून पाहायचं तेवढं राहिलंय." साहेब हसले नाहीत. मलाही तो माणूस जरा संशयास्पदच वाटला होता.

मला ज्याच्या ताब्यात दिलं तो रानाचा रखवालदार. त्याची मुलं त्याला अप्पा म्हणत, म्हणून मीही अप्पाच म्हणतो. अप्पा माझ्याहून वरचढ निघाले. जेवतानाही मला मांडीखाली ठेवायचे. एकदा लाकडाच्या कंत्राटदाराचा कारकून फार गोड गोड बोलायला लागला. "अप्पा, टेका जरा. चहा घ्या. हातोडा द्या इकडे, मी धरतो." अप्पांनी चहा घेतला, मला दिलं नाही, आणि उठून थेट त्याच्या खिशात हात घातला. खिशात साबणाची वडी निघाली, पाणी लावून मऊ केलेली. तिच्यावर मला एकदा दाबलं असतं तर माझा हुबेहूब ठसा त्यांच्या घरी गेला असता! त्या दिवशी साहेबांनी साऱ्या कचेरीसमोर अप्पांची पाठ थोपटली. मीही फार सुखावलो. संशय घेतला की शाबासकी मिळते, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

अप्पांनी झाडांवर खुणांची एक भाषाच तयार केली होती. सालीवर एक तिरपी चीर म्हणजे सरळ जा. दोन चिरा म्हणजे वळ. हद्दीजवळच्या झाडाला खूण करायची ती गुडघ्याच्या उंचीवर, आणि तिचं तोंड नेमकं हद्दीच्या कोपऱ्याकडे. खुणेत जितक्या खाचा, तितकी पावलं चालायचं. नवखा माणूस झाडाशेजारून निघून गेला तरी त्याला काही कळत नसे. आपल्या मुलांना मात्र पुढे त्यांनी ही भाषा खेळता खेळता शिकवली.

पुढे अप्पांनी रानाच्या कडेला जमिनीचा तुकडा घेतला, त्यात घर बांधलं, विहीर खणली. विहिरीला असं गोड पाणी लागलं की शेजारपाजारचे नावाजत. एक दिवस तिथे मोजणीदार आला. पलीकडच्या बाजूचे दोन कोपरे ठरवायचे होते. अप्पांनी माझ्या धारेने दोन झाडांवर खाचा पाडल्या. शिक्का मात्र उठवला नाही. सरकारी शिक्का घरच्या कामाला वापरायचा नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा, हे मी आज म्हणतो. तेव्हा मला त्यातच खोट दिसली. त्यात भर म्हणजे त्यांनी मला पोत्यात घातलं आणि वर तोंड आवळून बांधलं.

आत अंधार. बाहेर कुदळीचे घाव, दबक्या आवाजात बोलणं, आणि मग काहीतरी ओतल्याची खळखळ. पाठोपाठ माती लोटली, वर जड दगड धपकन बसला. दुसऱ्या कोपऱ्यावर पुन्हा तेच. माझ्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस मला जेवतानाही दूर करत नाही, तो आज मला पोत्यात का कोंबतो? एवढी खळखळ कशाची? इथे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय!

घराच्या पायरीवरून अप्पांची दोन मुलंही हे पाहत होती. मोठा दादा आणि धाकटी चिंगी. चिंगीने विचारलंच, "अप्पा, तिथे काय पुरलंत?"

"वेळ आली की झाडं सांगतील," अप्पा म्हणाले. "आत्ता तुम्हाला सांगितलं तर उद्या साऱ्या आळीला ठाऊक होईल."

मुलं मोठी झाली तरी अप्पांनी ताकास तूर लागू दिली नाही. त्यांचं वय झाल्यावर साहेबांनी माझ्या शिक्क्यावर कानशीने आडवी रेघ मारून तो रद्द केला आणि निरोपाच्या वेळी मला त्यांनाच भेट दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग फळीवरचे दिवस सुरू झाले. धूळ बसली, दांडा सुकला, एका कोळ्याने माझ्यावर बिनधास्त संसार थाटला. एका सकाळी अप्पा झोपेतून उठलेच नाहीत. जे सांगायचं होतं ते त्यांच्याबरोबर गेलं.

दादाचं चौकात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो दुकानामागेच राहायचा. चिंगी घरी राहून कापड रंगवायचं काम करायची. मोठमोठी पातेली, खाली चूल, दोऱ्यांवर निथळणारी लाल-निळी कापडं. या कामाला पाणी लागतं ते हंड्यांनी, आणि तिचं सारं पाणी त्या विहिरीचं. विहीर होती म्हणून तिचं पोट चालत होतं.

शेजारच्या जमिनीत दगडाची खाण सुरू झाली तेव्हापासून मी कान टवकारले होते. खाणवाला भेटेल तिथे हसायचा. हळूहळू कोपऱ्यांचे दगड विहिरीकडे सरकायला लागले. "दगडांना पाय फुटलेत की काय?" चिंगी स्वतःशीच म्हणायची. एक दिवस दगड विहिरीच्या अलीकडे आले, आणि आठवड्याभरात कचेरीची नोटीस. खाणवाल्याने मोजणी मागितली होती. पंधरा दिवसांनी मोजणी होणार आणि विहीर कुणाची ते ठरणार.

दुसऱ्याच दिवशी दादा घरी आला. इकडची तिकडची चौकशी करून तो म्हणाला, "चिंगे, अप्पांचा तो हातोडा देतेस? आठवण म्हणून."

"आठवण म्हणून त्यांची छत्री ने की. दोन वर्षं टांगलेली आहे."

"छत्री मोडलीय गं."

"हातोडा तरी कुठे धड आहे, दादा?"

दादाच्या मनातलं मला दिसत होतं. जमीन गेली तर अप्पांनी पुरलेलं धनही जाणार, म्हणून मोजणीआधीच ते काढायचं. आणि त्याचा नकाशा माझ्या शिक्क्यात दडलेला असणार! चिंगीच्याही मनात तेच, फक्त तिला तो नको होता. दादा गेल्या गेल्या तिने मला फडक्यात गुंडाळलं आणि निळ्या रंगाच्या रिकाम्या डब्यात लपवलं.

मग शोध सुरू झाला. दादाने शिडी आणली आणि झाडांचे शेंडे धुंडाळू लागला. त्याचा हिशेब असा, की तीस वर्षांत झाड वाढलं म्हणजे खूणही वर गेली असणार. अहो, झाड शेंड्याकडून वाढतं! बुंध्यावरची खूण जिथल्या तिथेच राहते, फक्त सालीखाली मिटत जाते. बोलता येत असतं तर मी पोट धरून हसलो असतो. चिंगी मला पिशवीत घेऊन खाली गवतात गुडघ्यांवर रांगत होती.

"वर काय करतोस रे?" तिने विचारलं.

"घरटं बघतोय. आणि तू खाली?"

"सुई पडलीय माझी."

"रानात सुई?"

"झाडावर सायकल दुरुस्त करतोस का तू?"

दोघंही हसले, पण नजर कुणी हटवली नाही.

खूण चिंगीलाच आधी सापडली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, खाण बंद असताना आणि दादा दुकानात असताना, तिने माझ्या धारेने मिटलेली साल सोलली. नऊ खाचा निघाल्या. खुणेच्या तोंडासमोर नऊ पावलं टाकून ती थांबली. तिथे दगड नव्हता, मोकळी जमीन होती. दगड तर कधीच विहिरीपाशी जाऊन बसला होता. ती खणत गेली. दोन हात खोल गेल्यावर कुदळ खळखळली आणि मी चमकलो. तीस वर्षांपूर्वीचीच ती खळखळ!

खड्ड्यात कोळसा होता. काळाभोर कोळसा आणि मडक्यांची फुटकी खापरं. चिंगी मातीतच बसली. तिच्या तोंडून पहिला शब्द आला तो "दादा!" दादाने माल काढून नेला आणि वर कोळसा भरून ठेवला, अशी तिची खात्रीच झाली. माझीही झाली, खोटं कशाला बोलू. जाताना तिने तो कोळसा टोपलीत भरून घेतला आणि खापरं ओढ्यात भिरकावली. संध्याकाळी रंगाच्या पातेल्याखाली तो छान जळला.

तिला गवतात रांगताना पाहून दादालाही अक्कल आली होती. दुसऱ्या पहाटे त्यानेही वाकून दुसरी खूण शोधली, खणलं, आणि जे निघालं ते संतापाने ओढ्यात फेकून दिलं. मग तो तडक विहिरीवर आला.

"लाज नाही वाटली तुला?" तो ओरडला. "सख्ख्या भावाला कोळसा?"

"उलट्या बोंबा मारू नकोस! मला कोळसा कुणी ठेवला मग?"

"अप्पा तुझ्याजवळ राहत होते. तुला सगळं ठाऊक होतं."

"लाडका तू होतास. तुलाच सांगितलं असणार."

मोजणीच्या दिवसापर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

त्या दिवशी मोजणीदार बाई आल्या. मधोमध खाणवाला हसत उभा होता, एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मला हातात घेऊन चिंगी. बाईंनी जुना कागद उलगडला आणि मोठ्याने वाचला. "दोन्ही कोपऱ्यांच्या दगडांखाली दोन हात खोल कोळसा व खापरं पुरली आहेत. दगड हलल्यास हद्द त्यावरून ठरवावी." खाली अप्पांची सही होती.

"कोळसा?" दादा एक पाऊल पुढे आला.

"हो. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि तो कुणी चोरत नाही. म्हणूनच पुरतात. खरी हद्द तीच. कुठाय तो?"

चिंगी धावत गेली, चुलीतून मूठभर राख आणि अर्धवट जळालेला एक तुकडा घेऊन आली. दादाने रिकामा खड्डा दाखवला. खाणवाला म्हणाला, "खड्डा काय, कुणीही खणेल. आणि कोळसा माझ्याही घरी आहे." चिंगीने झाडावरच्या खाचा दाखवल्या, मला पुढे केलं. बाईंनी मला हातात घेऊन नीट पाहिलं. "झाडांच्या खुणा या कागदावर नाहीत," त्या म्हणाल्या. दगडांखालीही त्यांनी खणून पाहिलं. तिथली माती उकरलेली होती, पण ती कुणी उकरली हे कोण सांगणार?

"मला शंका येतेय," बाई खाणवाल्याकडे बघत म्हणाल्या. "पण शंका कागदावर लिहिता येत नाही. कोळसा जागच्या जागी असता, तर आज विहीर तुमची होती."

त्यांना उभे दगड धरावे लागले. विहीर पलीकडे गेली. चार दिवसांत मधे तारा ठोकल्या गेल्या.

त्या संध्याकाळी बहीणभाऊ पायरीवर बसले होते. मी दोघांच्या मधे पडलो होतो. दादा म्हणाला, "अप्पांनी तुला सांगितलंय, असंच मला वाटायचं."

"आणि मला वाटायचं, तुला," चिंगी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

आता दादा रोज सकाळी सायकलला दोन कॅन बांधून चौकातल्या नळाचं पाणी आणून देतो. तेवढ्यात एकच पातेलं निघतं. बाकीची पातेली अंगणात पालथी पडून असतात.

मित्रांनो, आयुष्यभर मी चोर शोधला. कारागिरात, कारकुनात, या दोन भावंडांत, आणि सांगायला लाज वाटते, अप्पांतही. तीस वर्षं मी ती खळखळ चोरीची समजत होतो. ती मुलांची विहीर राखण्यासाठी पुरलेल्या खापरांची होती. अप्पांनी जन्मभर रान राखलं, पण आपल्या मुलांवर भरवसा ठेवला नाही, आणि मुलांनी एकमेकांवर. म्हणून कळकळीने सांगतो, जे जपायचं ते जरूर जपा. कुलूप लावा, खोल पुरा, हवा तर माझ्यासारखा पहारेकरी ठेवा. पण ज्यांच्यासाठी जपताय, त्यांना जवळ बसवून तिथे काय ठेवलंय ते एकदा सांगून ठेवा.