पालथा कार्बन

मंदीच्या त्या वर्षी बाईंच्या टायपिंग क्लासात यंत्रं सहा होती आणि शाईची रिबन एकच. ती बाईंच्या स्वतःच्या यंत्रावर. त्यावर त्या लोकांचे अर्ज टाइप करून द्यायच्या, त्यातच त्यांचं घर चालायचं. मुली बिनरिबनीच्या यंत्रांवर हात बसवायच्या. वर कोरा कागद, मधे कार्बन, खाली दुसरा कागद. वरच्या कागदावर नुसते वळ उठायचे. आपण काय दिवे लावले ते खालचा कागद काढल्यावरच कळायचं.

क्लासातली सगळ्यांत लहान म्हणून जिला सगळ्या धाकटी म्हणायच्या, ती त्या संध्याकाळी आली आणि दारातच उभी राहिली. वडिलांचा कारखाना बंद पडून चौथा महिना लागला होता.

"बाई, उद्यापासून मी येत नाही. मामाच्या दुकानात पुड्या बांधायला जाणार आहे."

"परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे."

"देऊन काय करू? ऑफिसातून आहेत त्यांनाच काढतायत. आई म्हणते, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"बरोबर म्हणते. पण अंथरूण आखूड म्हणून पाय कापून घे, असं नाही ना म्हणाली?"

मागच्या मुली फिसकन हसल्या. धाकटीचा चेहरा लाल झाला.

"जा हो, अडवत नाही," बाई म्हणाल्या. "जाण्याआधी एक पान टाइप करून दे. मी घड्याळ लावते."

पान होतं नोकरीच्या अर्जाचं. धाकटीने सगळा राग त्या यंत्रावर काढला. दहा मिनिटं झाली, बाईंनी टेबलावर टिचकी मारली, तिने कागद ओढून काढले. खालचा कागद कोरा करकरीत! घाईत कार्बन पालथा लागला होता.

"बघा बाई. नशीबच कोरं माझं."

"नशिबाला कशाला मधे आणतेस? धांदरटपणा तुझा."

बाईंनी वरचा कागद उलटला. त्याच्या पाठीवर अक्षरं होती, पण आरशातल्यासारखी उलटी. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि कागद सरळ करून काचेला लावला. मावळतीचं ऊन आरपार आलं आणि ओळीच्या ओळी सुलट उभ्या राहिल्या. कार्बनने काळं झालेलं बोट एकेका शब्दाखालून नेत बाईंनी अख्खा अर्ज वाचला.

"एक चूक. आणि वेग या क्लासात आजवरचा सगळ्यात जास्त. हे असं सोडून जातेस होय गं?"

धाकटी काचेवरच्या ओळी पुन्हा वाचू लागली.

"मामाचं दुकान सहाला बंद होतं, माझा दिवा आठपर्यंत असतो. दिवसा पुड्या बांध, संध्याकाळी इथे ये. फी मागितली का मी?"

तीन आठवडे धाकटी पुड्यांच्या सुतळीने कापलेली बोटं घेऊन येत राहिली. परीक्षेला रिबन ज्याची त्याने आणायची होती. आदल्या दिवशी बाईंनी आपल्या यंत्रावरची रिबन उतरवून तिच्या हातात ठेवली.

"अहो, आणि तुमचे अर्ज?"

"थांबतील लोक एक दिवस. नोकऱ्या काय पळून चालल्यात? आहेतच कुठे पळायला!"

धाकटी पास झाली. नोकरी काही लगेच धावत आली नाही. दीड वर्ष पुड्याच बांधल्या. पण आली तेव्हा तिचा हात तयार होता. पुढे त्याच ऑफिसात ती मुख्य झाली, तिच्या हाताखाली वीस जणी आल्या. त्यांतल्या एकीलाही तिने वेंधळी म्हणून निकालात काढलं नाही. ओठांवर तो शब्द आला की बाईंचं काळं बोट आठवायचं.

आता ती आजी आहे. परवा नात पाय आपटत आली. "यंदा तीनच जागा आहेत आजी. अर्ज करण्यात काही राम नाही."

आजीने वाद घातला नाही. कपाटाच्या तळातून पिवळा पडलेला कागद काढला आणि म्हणाली, "खिडकीशी धर."

नातीने धरला. आधी गोंधळली, मग ओठ हलवत वाचू लागली. कोपऱ्यात बोटाचा एक काळा ठसा होता, त्याच्यापाशी थांबली.

"हा कुणाचा?"

"ज्यांच्यामुळे आपण दोन घास सुखाने खातोय, त्यांचा."

नात पुन्हा वाचायला लागली. "आजी, चूक सापडली!"

"सापडणारच. शेवटची तारीख कधी आहे?"

"उद्या."

आजीने टेबलावरची भाजी, वर्तमानपत्र, चष्म्याचं घर सगळं एका हाताने बाजूला सारलं आणि नातीसाठी खुर्ची ओढली.